मदत हवी आहे : मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मुलींचे नंबर बाहेर जातायत

विश्रामबागची काकू
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझी घरगुती मेस आहे. डबे जास्त करून कॉलेजच्या पोरापोरींचे. रोज सकाळी ग्रुपवर भाजी कळवायची, ज्याला डबा नको त्यानं दहाच्या आत सांगायचं, अशी पद्धत. आता झालंय असं, की एका मुलीला ग्रुपमधूनच नंबर उचलून कुणीतरी रात्री-अपरात्री मेसेज करतोय. 'जेवलीस का' इथून सुरू झालं ते 'आज गॅलरीत दिसलीस' इथवर आलंय. पोरगी ग्रुप सोडून गेली, डबा आता स्वतः येऊन नेते. घरी सांगायला घाबरते. सांगितलं तर शिक्षण बंद करून गावी नेतील म्हणते.

ग्रुप बंद केला तर भाजी कळवू कशी? आणि माझंही तेच रडगाणं. पाटीवर, बँकेत, आधारला, गॅसला एकच नंबर. क्यूआरच्या खाली यूपीआय आयडी म्हणून तोच. ट्रूकॉलरवर 'मेस काकू विश्रामबाग' असं झळकतं, ते मी कधी टाकलेलं नाही. पुतण्या म्हणतो दुसऱ्याच्या नावावरचं सिम घे, व्हीपीएन टाक, कुणाला पत्ता लागणार नाही. मला काही ते पटेना.

भडंगप्रेमी
काकू, पुतण्याचं अजिबात ऐकू नका. फसवून किंवा तोतयेगिरी करून सिम मिळवणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हीपीएनचा तुमच्या दुखण्याशी संबंधच नाही. नेटवर तुम्ही कुठली साइट बघता तेवढंच ते झाकतं. सिम टॉवरशी बोलतंच, आणि ग्रुपमध्ये नंबर दिसायचा तो दिसतोच.

दुसरं सिम स्वतःच्याच नावावर घ्या. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर त्याच फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस चालेल. पाटीवर, पोरांना तो नंबर. बँक-आधारचा जुना नंबर घरच्यांपुरता. जुना बंद मात्र करू नका! बंद केलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते, मग बँकेचे ओटीपी त्याच्या दारात. जाता जाता संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या. झेरॉक्सवाल्याला आधार व्हॉट्सॲप करायची आपल्याकडे जी रीत पडलीय, त्यात काय काय निघेल सांगता येत नाही.

मिरजकर
ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. भाजीचा मेसेज एकदाच टाकायचा, प्रत्येकाला सुटा जातो. 'आज नको' हे उत्तर फक्त तुम्हाला येतं, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. अट एकच : समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर मेसेज पोचत नाही. महिन्याचे पैसे घेताना समोरच सेव्ह करून घ्या. चॅनलही काढता येतं, पण तिथं 'आज नको' सांगायची पंचाईत.

ट्रूकॉलरचं ॲप असेल तर आधी खातं बंद करा, मग त्यांच्या साइटवर जाऊन नंबर अनलिस्ट करा. नावं लोकही सुचवतात, म्हणून तुम्ही न टाकता आलं. यूपीआयला बहुतेक ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी करता येतो. बँकेतलं नाव पैसे भरणाऱ्याला दिसणार, ते दडवता येत नाही. जुन्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर फोटो आणि लास्ट सीन 'माझे कॉन्टॅक्ट'पुरते ठेवा, अनोळखी कॉल सायलेंट करा.

कृष्णाकाठची
सगळे सेटिंगवर बोलताय, त्या पोरीचं काय? नंबर ज्यानं उतरवून घेतलाय त्याच्याकडून तो परत येत नाही. आणि 'गॅलरीत दिसलीस' म्हणजे तो घरापर्यंत पोचलाय. आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मगच ब्लॉक. चॅट डिलीट करू देऊ नका. नको म्हटल्यावरही असं मागं लागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं, फोनवरून केलं तरी. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करत बसू नका, ती पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, किंवा सरळ विश्रामबाग पोलीस ठाणं. दारात दिसला तर ११२. काकू, तुम्ही सोबत गेलात तर ती बोलेल.

विश्रामबागची काकू
जाते मी. तिच्याशी बोलले, घरी न कळवता तक्रार देता येईल का असं विचारतेय. वय १९ आहे.

कृष्णाकाठची
सज्ञान आहे, स्वतःच्या सहीनं देता येते. आईबाप लागत नाहीत. स्क्रीनशॉटची प्रिंट न्या, आणि ती प्रिंट झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवरून काढू नका. पेनड्राइव्हवर न्या.