बालकथेत शेवटी बोध हवाच का? (आणि 'पोदेर' लिहायचं की 'पाववाला'?)

मांडवीकाठ
परवा एका ज्येष्ठांनी नवोदित बालसाहित्यिकांना सल्ला दिला: शेवटी बोध हवा, जोडाक्षरं टाळा, बोलीतले शब्द घालून मुलांची भाषा बिघडवू नका. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी अकरा वर्षं मुलांसाठी लिहितेय. पहिली पाच हेच पाळलं. मग गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत खोटारड्या माकडाची गोष्ट वाचायला गेले. शेवटी माकडाला पश्चात्ताप होतो, आई समजावते. तिथवर आले आणि पहिल्या बाकावरचा मुलगा दप्तराची चेन उघड-झाक करायला लागला. मग दुसरा. गोष्ट संपून भाषण सुरू झालंय हे त्यांना माझ्याआधी कळलं. घरी येऊन तो परिच्छेद खोडला, तर आधीचं पानही कोसळलं. माकड स्वतः काहीच करत नव्हतं, सगळं आईच निस्तरत होती! कथानक मोडकं होतं आणि मी त्याला बोधाचा टेकू दिला होता. लिहिलेलं मुलांसमोर मोठ्याने वाचा, यापलीकडे मला नवोदितांना काही सांगायचं नाही.

जुना वाचक
बोध नको म्हणायची आता फॅशनच झाली आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पानोपानी संस्कार आहेत. मी ती आठव्या वर्षी रडत वाचली. माझ्या बाकावर कोणी चेन उघडली नाही.

मांडवीकाठ
अहो, पोहायच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, ते आठवतं ना? मार आधी आहे, भीती आधी आहे. ते अंगावर आल्यावरच आईचं बोलणं पटतं. तुम्ही रडलात ते त्या प्रसंगाला.

जुना वाचक
प्रसंग हवा, हे मान्य. पण आईचं बोलणंही हवंच. तेवढं मी सोडणार नाही.

फोंड्याचा मास्तर
बोधाचं तुम्ही बघा. मला तिसऱ्या मुद्द्यावर बोलायचंय. बावीस वर्षं मराठी शाळेत शिकवतोय. मुलं घरी कोंकणी बोलतात, टीव्ही हिंदी, शेजारचा पोर इंग्रजी माध्यमात. यंदा माझ्याकडे पहिलीला चार मुलं आली. चार! गोष्टीतही कोंकणीच शब्द आले तर ती मराठी ऐकणार कुठे? कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या गोव्याच्या १९८७च्या कायद्यापासून आम्ही मराठीच्या जागेसाठी भांडतोय, आणि लेखकच हातातली जागा सोडतायत.

सांजांवचा पाऊस
मास्तर, कायदा बाजूला ठेवा. मी एका गोष्टीत 'पाववाला' लिहिलं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "हो कोण?" सकाळी सायकलवरून पोंपों वाजवत येतो तो तिचा पोदेर आहे. चवथीला गणपतीवर बांधतात ती माटोळी. तिला मी काय 'फळांची मांडणी' म्हणू? आंबाडे, कवंडळ, सुपारीचे घोस सगळं त्या एका शब्दात लटकतंय.

फोंड्याचा मास्तर
एक पोदेर आला की मागून सगळं वाक्य येतं. मी वह्या तपासतो, तुम्ही तपासत नाही. घरबसल्या आम्हाला शिकवू नका.

सांजांवचा पाऊस
वर्ग तुमचा आहे म्हणून भाषा तुमच्या एकट्याची होत नाही. माझी आई सत्तरीतली, चौथी शिकलेली. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींमुळेच मी मराठी लिहितेय, आणि त्यात अर्धे शब्द तुमच्या लाल शाईत गेले असते. हे मला खरंच लागलंय.

छापखाना
मधे बोलतो, मी पुस्तकं बांधणारा माणूस. चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, कारण १६ पानांचे दोन फॉर्म, म्हणजे छापून दुमडलेले दोन मोठे कागद. लेखक मजकूर सलग टाईप करून पाठवतात, पान कुठे उलटतं ते बघत नाहीत. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आणि उत्तर उलटल्यावर यायला हवं. कोरे कागद दुमडून आधी नमुना करा, त्यात मजकूर कापून चिकटवा. अर्ध्या ओळी आपोआप गळतात, कारण चित्र तेच सांगत असतं. शेवटचं बोधाचं पान बहुधा तिथेच जातं.

मांडवीकाठ
हे मी कधी केलंच नाही. आज करते.

फोंड्याचा मास्तर
पाऊस, आईंबद्दल मी काही म्हटलं नव्हतं, तरी लागलं असेल तर शब्द मागे घेतो. आणि गोष्ट सांगताना मी थांबलो की माझी मुलं 'मग?' म्हणत नाहीत, 'मागीर?' म्हणतात, हेही खरं. संवादात पोदेर येऊ दे. निवेदन मात्र मराठीच, तिथे मी हटणार नाही.

सांजांवचा पाऊस
आणि निवेदन करणारी मुलगीच असेल तर? तिची गोष्ट तीच सांगत असेल तर?

फोंड्याचा मास्तर
लिहून आणा. शनिवारी माझ्या चौघांसमोर वाचा. मी मागे बसेन, लाल पेन न घेता.