मॅमोग्राफी सारखीच, तरी कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यू अधिक का?

मृण्मयी_शिकागो
मी शिकागोमध्ये सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा साधारण ५ टक्क्यांनी कमी आहे, मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करून घेण्यातही त्या मागे नाहीत, आणि तरीही या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात जवळपास ४० टक्क्यांनी अधिक आहे. वर्गातले बहुतेक जण ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (या कर्करोगाचा उपचारांना कठीण असा एक प्रकार) एवढे उत्तर देऊन मोकळे होतात. तेवढ्याने हा फरक उलगडतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्या मते तेवढ्याने उलगडत नाही. ज्या गाठींवर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत आणि हर-टू या प्रथिनाविरोधी औषधेही चालत नाहीत, असा हा प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो हे खरे आहे. घानामध्येही तो पुष्कळ दिसतो, त्यामुळे पश्चिम आफ्रिकी वंशाशी त्याचा संबंध असावा असे मानायला जागा आहे. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांतही तो साधारण पाचांतल्या एका रुग्णालाच असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकींची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असते, तिच्यावर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी उपलब्ध आहे, आणि मृत्यूंतले अंतर तिथेही आहेच.

शिवाय १९८०च्या सुमारास तुमच्याच शिकागोत दोन्ही गटांचा मृत्युदर जवळजवळ सारखा होता. २००३मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर ६८ टक्क्यांनी अधिक होता. वीस-बावीस वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते एवढेच की या काळात मॅमोग्राफी रुळली, टॅमॉक्सिफेनचा वापर वाढला, गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर खाली आला आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा होता तिथेच राहिला.

रेखा_जे
मॅमोग्राफी तंत्रज्ञ म्हणून मी अमेरिकेत काम केले आहे, म्हणून लिहिते. ‘मॅमोग्राफी झाली’ या एका नोंदीखाली फार काही झाकले जाते. यंत्र कोणते होते, फिल्म केवळ स्तनांच्याच तपासण्या वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टने पाहिली की हात-पाय-छाती सगळेच पाहणाऱ्याने, तुलनेसाठी आधीच्या वर्षीची फिल्म हाताशी होती की ती दुसऱ्याच रुग्णालयात राहिली, यावर लहान गाठ सापडणे अवलंबून असते.

खरी गळती मात्र ‘आणखी तपासणी आवश्यक’ असे पत्र घरी गेल्यानंतर होते. २०१०च्या आरोग्य कायद्याने पहिली, नेहमीची मॅमोग्राफी बहुतेक विमाधारकांना विनाशुल्क मिळू लागली. पुढची निदानाची मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी यांचे बिल मात्र अनेक वर्षे रुग्णाच्या माथी येत राहिले. तासावर पगार मिळणाऱ्या बाईची त्यात रोजंदारीही बुडते. न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमधील डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९०मध्ये नेमकी हीच जागा पकडली: तपासणी स्वस्त किंवा मोफत केली, आणि संशयास्पद अहवाल आलेल्या प्रत्येक बाईला बायोप्सी व उपचारांपर्यंत पोहोचवण्यासाठी एक माणूस नेमून दिला. तिथल्या बहुतांशी गरीब, कृष्णवर्णीय रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी ३९ टक्के होते, ते पुढे ७० टक्क्यांवर गेले. (यात सुधारलेल्या औषधांचाही वाटा असणारच.)

मृण्मयी_शिकागो
दोघांचेही आभार. मग शरीरशास्त्र पूर्णपणे बाजूला ठेवायचे का?

सूक्ष्मदर्शी
नाही, तसे करू नका. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स चाचणीत गाठीचा जनुकीय गुणांक (रोग उलटण्याचा धोका सांगणारा आकडा) आणि उपचार सारखे असूनही कृष्णवर्णीय स्त्रियांत रोग अधिक प्रमाणात उलटला. पण शरीर आणि व्यवस्था एकमेकांत कशी गुंततात, हे पाहायचे तर ‘डफी-नल’ रक्तगट पाहा. आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये तो असतो आणि त्यांच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जन्मतःच कमी असतात. त्याचा त्यांना काही त्रास नसतो. केमोच्या दिवशी मात्र अहवालातला आकडा सर्वांसाठी ठरवलेल्या सीमेखाली दिसतो, आणि डोस पुढे ढकलला जातो किंवा कमी केला जातो. अनेक औषधचाचण्यांत तर अशा रुग्णांना याच आकड्यामुळे प्रवेश मिळत नाही.

म्हणून मॅमोग्राफी झाली की नाही या रकान्यावर फार वेळ घालवू नका. संशयास्पद अहवालापासून बायोप्सीपर्यंत किती दिवस गेले आणि ठरलेल्या केमोपैकी प्रत्यक्षात किती दिली गेली, हे दोन रकाने तुमच्याकडच्या नोंदींत असतील तर आधी ते काढून पाहा.