मदत हवी आहे: बीपीची जोडगोळी बदलताना काय बघायचं?

आईचं वय ६८. टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी सकाळी चालू आहे. बीपी छान आटोक्यात आहे, घरच्या मशीनवर १३०/८० च्या आसपास. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही घोट्यांवर सूज येते, बोटाने दाबलं की खड्डा राहतो, चपलेचा पट्टा रुततो. सकाळी बरीच उतरलेली असते.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवी, इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं नॉर्मल. शुगर नाही, दमा नाही, गुडघ्यासाठी पेनकिलर घेत नाही. मीठ कमी केलंय, पाय उशीवर ठेवते, फरक जेमतेम.

डॉक्टर म्हणाले, सूज अॅम्लोडिपिनची आहे, घाबरू नका. त्यांनी दोन पर्याय सांगितलेत: टेल्मिसार्टनसोबत सिल्निडिपिन (अॅम्लोडिपिनच्याच गटातलं औषध), नाहीतर टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारं औषध). मला दुसऱ्याची जरा धास्ती वाटते, कारण त्याने सोडियम उतरू शकतं आणि आई जेवते मोजकंच. शिवाय आम्ही गावात राहतो, रक्त तपासायला तालुक्यालाच जावं लागतं. पुढच्या भेटीत ठरवायचंय. तोवर चालू गोळी बंद करणार नाही, आणि मनाने अर्धीही करणार नाही.

ज्यांच्या घरी हा बदल झालाय त्यांनी, आणि इथल्या डॉक्टर-फार्मासिस्ट मंडळींनी कृपया सांगा: सिल्निडिपिनवर सूज खरंच उतरली का, आणि किती दिवसांत? बीपी तितकंच राहिलं का? क्लोरथॅलिडोन घेतलं तर सोडियम-पोटॅशियमची पहिली तपासणी कधी करायला सांगितली होती?