मदत हवी आहे: लिंकमध्ये हायफन (-) की अंडरस्कोअर (_)?

मंडळी, माझ्या पाककृतींच्या साइटवर दीडेकशे पानं आहेत आणि सगळ्यांचे पत्ते मी रोमन लिपीत, 'puran_poli' असे अंडरस्कोअर घालून केलेत. गूगल हायफन वापरा म्हणतं, हे आत्ता कळलं. शिवाय लिंकखाली रेघ आली की अंडरस्कोअर त्यात गडप! काकूने फोनवर विचारलंच, "मधे जागा सोडायची का रे?"

आता जुने पत्ते बदलून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप, कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणं) लावू, की चाललंय ते चालू देऊन फक्त नव्या पानांना हायफन देऊ? कोणी केलंय का? देवनागरी पत्ताही करून पाहिला. कॉपी केल्यावर नुसत्या 'प'ची टक्क्याच्या (%) खुणांसकट नऊ चिन्हं झाली, तेव्हा तो नाद सोडला.