दुर्बिणीतून हर्निया: जाळी टॅकरने की टाक्यांनी? (लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या सर्जनांचं बोलणं)

लातूर: बेंबीजवळ पोटाच्या भिंतीत ४ सेंमीचं छिद्र आहे, जाळी आतून बसवायची आहे. नुसते टॅकर (जाळी भिंतीला टाचणाऱ्या छोट्या पिना) पुरतात का, सर?

नांदेड: पुरतात, पण जाळी तोकडी नको. सगळ्या बाजूंनी ५ सेंमी झाकायचं, म्हणजे किमान १४ सेंमीची. मोजमाप पोटात भरलेल्या गॅसचा दाब ८ मिमी पाऱ्यापर्यंत उतरवूनच घ्या. फुगलेल्या पोटात छिद्र मोठं भासतं. टॅकर दोन कड्यांत: एक छिद्राच्या काठाभोवती, दुसरं जाळीच्या कडेलगत, दर १ ते दीड सेंमीवर. जाळीची लेपाची (आतडं चिकटू न देणारी) बाजू आतड्याकडेच हवी. उलटी बसली तर आतडं चिकटतं.

संभाजीनगर: चार कोपऱ्यांना पोटाच्या भिंतीतून आरपार टाकेही घाला, जाळी सरकत नाही. पण करकचून आवळू नका. नस सापडली की एकाच जागी महिनोन्महिने दुखतं. आणि बरगडीच्या कडेवर टॅकर अजिबात नको, पलीकडे हृदय आहे!

लातूर: नंतर फुगवटा दिसला तर?

नांदेड: बहुतेकदा पाणी साचलेलं असतं, काही आठवड्यांत जिरतं. उगाच सुई घालू नका, जंतू आत जातात. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, वाढती नाडी, पोटफुगी असेल तर आतड्याला छिद्र पडलंय का ते आधी बघा. तिथे थांबणं जिवावर बेततं.