फियाट ११०० डिलाइट उन्हात बंद पडते: रेडिएटर बदलू की पंप? (नागपूर)

तर्री_पोहे
१९६८ ची डिलाइट, १०८९ सीसी, मूळ इंजिन. सकाळी झकास चालते. दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत रांगली की झटके देऊन बंद. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू. टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरासाच वर. मेकॅनिक म्हणतो ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाका. नवतपा (मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आत काम उरकायचं आहे. आणि आरसी (गाडीची नोंदणी) विंटेजमध्ये करून घ्यावी का?

जुना_पाना
थांबा भाऊ, रेडिएटरला हात लावू नका. गेज खरं बोलत असेल तर पाणी नाही, पेट्रोल उकळतंय. गाडी बंद पडल्याबरोबर एअर क्लीनर काढा, इग्निशन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. नाही उडाली तर टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या, इंजिनावरच्या पंपावर ओलं फडकं टाका. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली की व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) पक्का. धार येत असेल तर सगळं झाकून मग स्पार्क बघा, उघड्या कार्बोरेटरजवळ ठिणगी नको. स्पार्क पिवळट, मेलेला दिसला तर आधी इग्निशनचा कंडेन्सर बदला. स्वस्त आहे, आणि गरम झाल्यावर दगा देणं त्याची जुनी खोड. नंतर कॉइल.

तर्री_पोहे
आज बघितलं. धार नाही, नुसते बुडबुडे. फडक्याने सुरू झाली.

जुना_पाना
मग पेट्रोलची लाइन एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ओढून दूर न्या, जिथे जवळून जाणं टळत नाही तिथे उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना बघा. पुष्कळ गाड्यांत तो तुटला की नुसतं पातळ गॅस्केट लावून देतात, मग मॅनिफोल्डची आच सरळ फ्लोट चेंबरला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीला). सध्याच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्राम फुगतो, तडकतो. होज व्हिटॉनचेच (इथेनॉलला टिकणारं रबर) घ्या.
टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) बघा. ते मागे पडलं असेल तर एक्झॉस्ट विनाकारण तापतो. आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.४५ मिमीच्या आसपास आणा, मग टायमिंग. उलट केलंत तर गॅपसोबत टायमिंग पुन्हा हलेल.

मॅनिफोल्ड_मामा
मी तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा म्हणेन. लाइनमध्ये दाब राहिला की पेट्रोल सहजी उकळत नाही. पण २ ते ३ पीएसआयचाच. इंजेक्शन गाडीचा ४० पीएसआयवाला कोणी खपवला तर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उचलला जाऊन कार्बोरेटर ओसंडेल, खाली तापलेला मॅनिफोल्ड! वायर ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन बंद की पंप बंद.

जुना_पाना
इलेक्ट्रिक पंप शेवटी. आधी तीन तोंडांचा फिल्टर लावून बारीक छिद्राची रिटर्न लाइन टाकीत सोडा. पेट्रोल फिरतं राहतं, बुडबुडे परत जातात.

आरसी_बुक
विंटेजबद्दल: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढची, फारसा बदल न केलेली, बिगरव्यावसायिक गाडी चालते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. नूतनीकरण ५,०००, पाच वर्षांसाठी. पण मग प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बर्डीला रोज नेणार असाल तर साध्या आरसीचंच नूतनीकरण करा.