व्हिएन्नात नाताळची सुट्टी: स्वयंपाक आणि भटकंती

कोथरूडकर
२० डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी, चौघांसाठी व्हिएन्नात फ्लॅट घेतलाय. शेगडी इंडक्शनची. पुण्याहून काय न्यावं? तूप, पेढे, कढीपत्ता चालतो का? पोळ्या जमतील? एक वेळ घरी जेवून बाकी वेळ फिरायचंय.

खमंग फोडणी
तूप, पेढे, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्याला सामानात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, सापडले की जप्त. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तेही राहिलं. गोडा मसाला, तिखट, हिंग, पोहे न्या. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर स्वेटरसुद्धा फोडणीचे होतील.

तूप तिथं ‘बुटरश्माल्त्स’ नावानं मिळतं. विरजणाच्या लोण्याचं नसतं, त्यामुळे वास बेताचा. चक्क्याच्या जागी ‘टॉप्फेन’, म्हणजे तिथलं मऊ ताजं चीज: २० टक्के स्निग्धांशवाली २५० ग्रॅमची दोन पाकिटं फडक्यात दोन तास टांगा, ३०० ग्रॅम पिठीसाखर घाला, चाळणीतून घासा. श्रीखंड झालं. तूरडाळीवर अडू नका, ‘रोटे लिन्झन’ म्हणजे मसूरडाळ, कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते.

पोळपाट
कुकर न्यायचाच तर तुळशीबागेत लोहचुंबक घेऊन जा. बुडाला घट्ट चिकटला तरच इंडक्शनवर चालेल. साधा ॲल्युमिनियमचा तापणारच नाही. खोलगट लोखंडी तवाही नको, मधे टेकत नाही आणि शेगडी सारखी बंद पडते.

पोळ्या बिघडतात त्या पाण्यामुळे. आपल्या चक्कीत दाणा जास्त चिरडला जातो, म्हणून पीठ पाणी जास्त पितं. तिथलं रोलरवर दळलेलं पीठ कमी पितं. घरच्या अंदाजानं पाणी ओतलं की कणीक हाताला चिकटते, मग वर पीठ लावत बसायचं आणि पोळी वातड. ३०० ग्रॅम ‘डब्ल्यू ७००, ग्लाट’ (गव्हाचं पांढरं, बारीक पीठ) आणि १०० ग्रॅम बारीक ‘फोलकोर्न’ (कोंड्यासकट दळलेलं), चमचाभर तेल, कोमट पाणी २२० मिलिलिटरपासून सुरू करून थोडं थोडं वाढवा. अर्धा तास झाकून ठेवा. पुड्यावर ‘ग्रिफिग’ असेल तर तो परत ठेवा, ते रवाळ असतं.

भटक्या
मुख्य अडचण वेगळीच आहे. २४ तारखेला दुकानं दुपारीच मिटतात, २५ आणि २६ सुट्टी, २७ रविवार. तीन दिवसांची भाजी गुरुवारी सकाळीच भरा. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट. मंडईसारखी भाजी हवी तर ओटाक्रिंगमधला ब्रुननमार्क्ट बघा, नाशमार्क्ट या प्रसिद्ध बाजारापेक्षा स्वस्त. कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानांत.

दुपारी चारला अंधारतं, म्हणून सकाळी फिरा आणि संध्याकाळी रांधा. ट्राम डीनं नुसडोर्फला उतरून कालेनबर्गची टेकडी चढा. उतरताना दमलात तर ३८ए बस आहे. ७१ नंबरच्या ट्रामनं मध्यवर्ती स्मशानभूमी, दार क्रमांक २: बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स शेजारी शेजारी. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं.

कोथरूडकर
आभार! फोडणीनं धुराचा अलार्म वाजेल का?

पोळपाट
वाजू शकतो. बऱ्याच फ्लॅटमधली चिमणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडते. इंडक्शन ९ वर ठेवलं तर मोहरी तडतडायच्या आत जळते. ५-६ वर ठेवा, तेल-मोहरी गार भांड्यातच एकत्र घाला. खिडकीची मूठ आडवी केली तर ती पूर्ण उघडते, उभी वर केली तर फक्त वरून कलते. फोडणीपुरती आडवी करा.